मीबाई

कोर्टात त्यांना कुणी नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. सगळे मीबाईच म्हणत. शिपाई म्हणे, वकील म्हणत. एकदा तर दारावर लावलेल्या कामाच्या यादीत कुणा घाईतल्या कारकुनाने 'दुभाषी : मीबाई' असंच लिहून टाकलं होतं. त्या यादीसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "बरोबरच लिहिलंय की. आत गेल्यावर मी दुसरं म्हणते तरी काय!"

हे बिरूद पहिल्याच दिवशी चिकटलं. आरोपीच्या पिंजऱ्यात ट्रक चालवणारा एक आडदांड गडी उभा होता. डोंगरापलीकडच्या भाषेत तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. त्याच्या कोपराला कशाबशा लागतील एवढ्या उंचीच्या या बाई खणखणीत आवाजात कोर्टाच्या भाषेत म्हणाल्या, "मी त्याच्या कानाखाली दोन वाजवल्या आणि सरळ घरी निघून गेलो."

'गेले' नाही, 'गेलो'. सगळं कोर्ट खो खो हसलं. तेव्हाचे म्हातारे साहेब चष्मा काढून डोळे पुसत म्हणाले, "अहो बाई, वाजवल्या त्याने ना?"

"त्यानेच, साहेब. पण तो 'मी' म्हणाला. मी 'तो' म्हटलं की ते त्याचं बोलणं राहत नाही. मी केलेली चहाडी होते."

साहेब चष्मा परत चढवत म्हणाले, "चालू द्या."

ते एकोणीस वर्षं चाललं. मीबाईंनी त्या एकोणीस वर्षांत घरफोड्या केल्या, बायको टाकली, तीन वेळा घटस्फोट मागितला आणि सात वर्षांच्या मुलीच्या तोंडून मामाने काय केलं तेही सांगितलं. सकाळी "मी बाळंत झाले आणि त्याने मला घराबाहेर काढलं" म्हणायचं आणि दुपारी "मी तिला काढलं कारण ती ऐकत नव्हती" म्हणायचं. आवाज तोच, उभं राहणं तेच. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. संध्याकाळी दार उघडताना तो डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच विचारायचा, "आज कोण आलंय?" कधी त्या म्हणायच्या, "मीच आहे, चहा टाका." कधी नुसत्याच खुर्चीत बसून राहायच्या. मग तो समजायचा, की बायको अजून यायची आहे.

हा हट्ट त्यांनी आईकडून घेतला होता. त्यांचे वडील शिंपी. डोंगर ओलांडून या गावात आले, मशीन मांडलं आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून इथली भाषा शिकले. आई घरात काजं-बटणं करायची, तिला भाषा कधी आलीच नाही. तिचं पोट दुखायला लागलं तेव्हा आठ वर्षांच्या मुलीला घेऊन ती दवाखान्यात गेली. डॉक्टर मुलीकडे बघून विचारत, "हिला कुठे दुखतंय? कधीपासून? हिला भूक लागते का?" मुलगी शहाण्यासारखी उत्तरं देई, "ती म्हणते, बेंबीखाली. ती म्हणते, जेवल्यावर." बाहेर पडल्यावर आईने रस्त्यातच तिचा दंड धरला.

"तुला एक विचारू? मी तिथे बसले होते ना?"

"हो."

"मग 'ती, ती' कुणाला चाललं होतं? इथली भाषा मला येत नाही, पण तेवढा एक शब्द मला कळतो. बाजारात मला बघून बायका तोच म्हणतात."

पुढच्या वेळी मुलीने डॉक्टरांना सांगितलं, "मला बेंबीखाली दुखतं." डॉक्टर गडबडले. त्यांनी आधी मुलीच्या पोटाकडे बघितलं, मग पहिल्यांदाच आईच्या तोंडाकडे.

म्हातारे साहेब निवृत्त झाले. त्यांच्या जागी आले ते नवे साहेब हुशार होते, वेळेचे पक्के होते आणि हातात पेन्सिल घेऊनच बसत. एक वाक्य लांबलं की पेन्सिल टेबलावर टक टक वाजायची. दुभाषांचं 'मी, मी' त्यांना पहिल्या आठवड्यातच खटकलं. नोंद वाचताना 'मी' म्हणजे दुभाषी की साक्षीदार असा घोळ होतो, असं त्यांचं म्हणणं. महिना संपायच्या आत हुकूम निघाला: 'यापुढे सर्व दुभाषांनी साक्ष तृतीय पुरुषातच सांगावी.'

दुभाषांची खोली तळमजल्यावर जिन्याखाली होती. पूर्वी तिथे जुन्या फायली ठेवत. कागदाचा कुबट वास अजून भिंतीत होता. एक लांब बाक, एक विजेची किटली आणि रस्त्याच्या पातळीवर एक खिडकी, तिच्यातून फक्त लोकांचे पाय दिसत. हुकमाचा कागद त्या खोलीत आला तेव्हा चौघं चहा पीत होते.

"तृतीय पुरुष!" मीबाई म्हणाल्या. "एक तर मी बाई. आयुष्यभर व्याकरणाने मला पुरुष केलं, ते मी सोसलं. आता म्हणे तिसरा पुरुष!"

अरबीवाले काका सगळ्यांत वयस्क. त्यांनी कागद दूर धरून वाचला. "आमच्या व्याकरणात याला काय म्हणतात ठाऊक आहे? बोलतो तो 'बोलणारा'. ज्याच्याशी बोलतो तो 'ज्याला बोललं तो'. आणि तुमचा हा तिसरा, तो 'गाइब'."

"गायब?"

"तोच शब्द. तुमच्याकडे आमच्याकडूनच आला. गाइब म्हणजे जो इथे नाही तो. हिब्रूवाले तर आणखी एक पाऊल पुढे. ते त्याला 'लपलेला' म्हणतात."

"म्हणजे पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला आपण गैरहजर लावायचा," मीबाई म्हणाल्या. "हजेरीपटावर सही असूनसुद्धा."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला तमिळवाली बसली होती. ती म्हणाली, "आमच्यात 'तू'ला म्हणतात समोर उभं राहणं. आणि 'तो'ला म्हणतात पसरणं. समोरून सुटलं, की पसरलं. मग कुठे गेलं ते कोण शोधणार?"

खुणांची ताई बहिऱ्या-मुक्यांसाठी काम करायची. तिने कप खाली ठेवला, कारण तिला बोलायला हात मोकळे लागायचे. "आमच्यात समोर नसलेल्या माणसाला हवेत एक जागा देतात. ही इथे सासू, ही इथे नणंद. मग त्या रिकाम्या जागेकडे बोट केलं की झाली 'ती'. आता सांगा, माणूस माझ्यापासून दोन हातांवर उभा आहे आणि मी बोट दाखवू हवेत?"

मीबाईंना चैन पडेना. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी कोर्टाच्या ग्रंथालयातले जाडजूड कोश काढले. तिथे आणखी गंमत. संस्कृतात 'प्रथम पुरुष' म्हणजे 'तो'! आपण ज्याला तिसरा म्हणतो, त्याला त्या लोकांनी पहिल्या पाटावर बसवलेलं. 'तू' मधला. आणि 'मी' उत्तम पुरुष. उत्तम म्हणजे चांगला असं वाटून त्या सुखावल्या, तर कोश म्हणतो, इथे उत्तम म्हणजे शेवटचा. ज्याला आपलं घोडं सगळ्यांत पुढे दामटायची घाई, तो 'मी' तिथे रांगेच्या शेपटाला. लॅटिनात या पुरुषाला शब्द होता 'पर्सोना', आणि त्याचा अर्थ नाटकातला मुखवटा. ग्रीकांचा शब्दही चेहरा आणि मुखवटा या दोन्हींना चालायचा. 'पुरुष' शब्दाचा जुन्या पंडितांनी सांगितलेला अर्थ तर त्यांनी दोनदा वाचला: देह हे एक पूर, म्हणजे नगर, आणि त्यात वस्ती करून राहतो तो पुरुष.

संध्याकाळी हे ऐकून नवरा म्हणाला, "म्हणजे भाडेकरू."

"भाडेकरू तर भाडेकरू. पण घर रिकामं आहे असं कुणी परस्पर लिहून टाकायचं नाही."

दोन आठवड्यांनी लाँड्रीचं प्रकरण उभं राहिलं.

शहराबाहेर इस्पितळांच्या चादरी धुणारी एक मोठी लाँड्री होती. तिथे कपडे वाळवण्याच्या यंत्राला आग लागली. मागचं दार कुलूपबंद होतं. धुराने कोंडलेली एक धुणारी मरता मरता वाचली, चार महिने इस्पितळात होती. दाराला कुलूप लावल्याचा आरोप एका इस्त्रीवालीवर होता. ती डोंगरापलीकडची. कोर्टाच्या भाषेतले तिला चारच शब्द येत, 'हो', 'नाही', 'गरम' आणि 'लवकर'. आगीच्या दिवशी चौकीवर तिचा जबाब घेतला, तेव्हा डोंगरी भाषा थोडीफार जाणणारा एक फळविक्या पकडून आणला होता. त्याने सांगितलं आणि हवालदाराने लिहिलं: 'ती म्हणते, तिने तिला कुलूप लावायला सांगितलं आणि तिने लावलं.'

मीबाईंनी तो कागद वाचला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. एका ओळीत चार वेळा 'ती' आली होती आणि एकदाही कळत नव्हतं, ती कोण. पोलिसांनी मात्र अर्थ लावून टाकला होता. लाँड्रीची मुकादमीण सांगणारी, इस्त्रीवाली लावणारी. मुकादमीण म्हणत होती, मी तर सांगितलंही नाही, हिनेच आपल्या मनाने लावलं. आणि पोलिसांनी तिचंच खरं धरलं, कारण मुकादमिणीला इथली भाषा येत होती.

इस्त्रीवाली पिंजऱ्यात उभी राहिली. चाळिशीची, हातावर इस्त्रीच्या जुन्या डागांच्या पट्ट्या. सरकारी वकिलांनी प्रश्न केला, "तिला विचारा, ती चौकीत एक बोलली आणि आता नाकबूल का करते?"

मीबाईंनी हुकमाबरहुकूम शब्दाला शब्द लावला. इस्त्रीवालीने मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, कुणा दुसरीविषयी चाललंय. मागे फक्त भिंत होती.

मीबाई साहेबांकडे वळल्या. "साहेब, हिला कळत नाही की प्रश्न हिलाच आहे."

"मग समजावून सांगा. पण उत्तर तृतीय पुरुषात."

"साहेब, तृतीय पुरुष गैरहजर माणसासाठी असतो. ही हजर आहे."

पेन्सिल वाजली. "बाई, इथे व्याकरणाचा वर्ग भरलेला नाही. हुकूम आहे."

"मग मी हुकमावरून असं बोलते आहे, एवढं नोंदीत यावं."

"येईल. पुढे चला."

मीबाईंनी इस्त्रीवालीला सरळ विचारलं, त्या दिवशी दारापाशी काय झालं ते सांग. इस्त्रीवाली बोलली. दोनच वाक्यं, पण बोलताना तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मग मुकादमिणीकडे बोट केलं. मीबाई पूर्ण ऐकून घेऊन साहेबांकडे तोंड करून म्हणाल्या,

"ती म्हणते, ती म्हणाली लाव. ती म्हणाली, नाही लावणार, आत माणसं आहेत. तिने तिच्या हातातली किल्ली ओढून घेतली आणि तिने लावलं."

टायपिस्टची बोटं थांबली. साहेबांनी पेन्सिल उचलली आणि तशीच हवेत धरली.

"नाही लावणार असं कोण म्हणाली?"

"ती."

"कोणती ती?"

"साहेब, आरोपी एकीलाच 'ती' म्हणाली होती. दुसरी 'ती' आपल्या हुकमाने आली आहे."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले. "नाव घेऊन सांगा!"

"तिने नाव घेतलं नाही. मी पदरचं नाव कसं घालू? ती जे बोलली ते तिच्या शब्दांत सांगायला मला दहा सेकंद लागतील."

"खाली बसा."

मीबाई बसल्या नाहीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो काय, हे त्या एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या वतीने बोलत आल्या होत्या. आज तो त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच तोंडाने दिला जात होता.

"बसते, साहेब. एवढं झालं की बसते." आणि त्या इस्त्रीवालीकडे नजर ठेवून म्हणाल्या, "ती म्हणाली, लाव. मी म्हटलं, नाही लावणार, आत माणसं आहेत. तिने माझ्या हातातली किल्ली ओढून घेतली आणि स्वतः लावलं."

मग त्या बसल्या.

मुकादमीण उठून उभी राहिली होती. बचावाचे वकील तोवर घड्याळाकडे बघत बसले होते, ते ताडकन उठले आणि हे शब्द नोंदीत घ्यावेत म्हणाले. सरकारी वकील म्हणाले, घेऊ नयेत. साहेबांनी दोघांनाही गप्प केलं आणि हुकूम सोडला: साक्ष रद्द, बाहेरगावाहून दुसरा दुभाषी आणावा, आणि या दुभाषीबाईंचं वर्तन कार्यालयाला कळवावं.

बाहेर व्हरांड्यात इस्त्रीवालीने मीबाईंचा हात धरला. "तुम्हाला काढलं का?"

"मला कोण काढतंय! पुढचा माणूस येईल तेव्हा एवढंच कर. जे बोलायचं ते बोल, आणि बोलताना त्याच्याकडे बघू नकोस. साहेबांकडे बघ."

दुसरा दुभाषी तीन आठवड्यांनी आला. थकलेले, काठी टेकत चालणारे गृहस्थ. त्यांना हुकूम वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली, साक्ष ऐकली आणि पहिल्याच वाक्याला म्हणाले, "मी म्हटलं, नाही लावणार." साहेबांनी टोकलं तर म्हणाले, "कानाने कमी ऐकू येतं साहेब, पुन्हा म्हणता?" तीनदा टोकलं, तीनदा त्यांना ऐकू आलं नाही. इस्त्रीवालीचं मात्र अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. अखेर साक्ष तशीच नोंदली गेली. पुढे किल्ल्यांचा जुडगा मुकादमिणीच्या खणात सापडल्याचं दुसऱ्या दोघींनी सांगितलं आणि इस्त्रीवाली सुटली.

मीबाईंच्या घरी मात्र पत्र आलं. त्यांचं नाव दुभाषांच्या यादीतून कमी केलं होतं. माफीनामा दिल्यास फेरविचार होईल. माफीनामा कार्यालयाने स्वतःच टाइप करून जोडला होता, सहीची जागा सोडून: 'मी माझी चूक मान्य करते. मी कोर्टाच्या हुकमाचा अवमान केला. मी दिलगीर आहे.'

त्या कागद घेऊन सरळ कार्यालयात गेल्या. यादी सांभाळणारे हेडक्लार्क मवाळ माणूस. त्यांनी खुर्ची पुढे केली. "बाई, सही करून टाका. तीन तर ओळी आहेत. शब्द काय, हवेत विरतात."

"हे 'मी' कोण आहे?"

"म्हणजे? तुम्ही."

"मी हे बोलले कधी?"

"बोलला नाहीत, म्हणून तर आम्ही लिहून दिलं."

"हेडक्लार्कसाहेब, मी आजवर चोराचं 'मी' बोलले, खुन्याचं बोलले. ते खोटं बोलत होते तेव्हाही बोलले. पण ते त्यांनी आधी तोंडाने उच्चारलेलं होतं. न उच्चारलेलं 'मी' मी कधी सांगितलं नाही. स्वतःचं तर मुळीच सांगणार नाही."

"मग काय करायचं या कागदाचं?"

"ज्याने टाइप केला त्याची सही घ्या."

सात महिने त्या घरी होत्या. घरी म्हणजे नुसत्या बसून नव्हत्या. आठवड्यातून तीन दिवस दवाखान्यात जाऊन डोंगरापलीकडच्या बायकांबरोबर डॉक्टरांसमोर बसत. तिथे त्यांना कुणी नेमलं नव्हतं, त्यामुळे काढायचा प्रश्न नव्हता. तरी कोर्टाच्या वेळेला त्यांचे पाय वळवळत. नवऱ्याने एकदा भीत भीत म्हटलं, "सही केली असती, तर..." त्यांनी नुसतं बघितलं. त्याने भिंग डोळ्याला लावलं आणि पुढचं वाक्य घड्याळात घातलं.

इकडे जिन्याखालच्या खोलीत कुणी सभा घेतली नाही, अर्ज लिहिला नाही. पण अरबीवाले काका 'मी' म्हणत राहिले. तमिळवालीही. खुणांची ताई स्वतःच्या छातीवर बोट ठेवत राहिली, आणि तिला हवेत बोट दाखवायचा हुकूम कसा द्यायचा हे साहेबांना शेवटपर्यंत सुचलं नाही. त्यात डोंगरापलीकडची प्रकरणं तुंबली. काठीवाले गृहस्थ दर वेळी यायला तयार नव्हते. फळविक्याला पुन्हा बोलावून बघितलं, तर त्याने भावाला मेहुणा केलं आणि सगळं प्रकरण परत पहिल्या पानावर आलं.

आठव्या महिन्यात हेडक्लार्कांचा फोन आला. "बाई, सोमवारी याल का?"

"माफीनाम्याचं काय?"

"कसला माफीनामा? इथे फाइलीत तसला काही कागद दिसत नाही." आवाजावरून कळत होतं, की कागद शोधलाही नव्हता.

"मग लेखी बोलवा."

लेखी आलं. 'सदर दुभाषी हिला कळविण्यात येते की तिने सोमवारी हजर राहावे.' मीबाईंनी लाल पेनाने 'हिला' आणि 'तिने' खोडलं, कडेला लिहिलं, 'मी इथेच राहते, मला कळवा', आणि कागद परत पाठवला. नवरा म्हणाला, आता मात्र तुटेपर्यंत ताणलंस. दुसरं पत्र आलं त्यात 'संबंधितांनी' होतं. तेही परत गेलं. तिसऱ्या पत्राला सहा दिवस लागले. त्यात हेडक्लार्कांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या. 'आपण सोमवारपासून यावे. साक्ष आपण आपल्या पद्धतीने सांगावी. साहेबांना विचारले आहे, ते काही बोलले नाहीत.'

मीबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. सोमवारी दवाखान्यात एका बाईचा नंबर होता, तिला त्यांनी आधीच शब्द दिला होता. त्या मंगळवारी कोर्टात गेल्या.